पाण्याची चाल मोजणारा अभियंता

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील दिजों हे शहर आपल्याकडे ठाऊक असते ते मोहरीच्या चटणीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र तेथील रहिवाशांना छळत होता तो पाण्याचा प्रश्न. शहराच्या कडेने ऊश नदी वाहत असे, तर स्यूझों नावाचा प्रवाह थेट वस्तीतून जात असे. या प्रवाहाला शहराने गटाराचे रूप दिले होते. उन्हाळ्यात तो आटे आणि मागे राहिलेल्या डबक्यांची दुर्गंधी पसरे. विहिरी होत्या, पण त्या उथळ होत्या आणि शौचकूपांच्या शेजारी होत्या. बाहेरून स्वच्छ पाणी आणण्याच्या योजना पिढ्यान्‌पिढ्या आखल्या जात आणि कागदावरच राहत.

१८३०च्या सुमारास शहराने त्या काळातला अगदी नवा उपाय करून पाहिला. सें-मिशेल चौकात एक खोल विंधण विहीर घेण्यात आली. छिद्र सुमारे दीडशे मीटर खाली गेले, वाटेत निरनिराळे थर लागले, अखेर पाणी लागले आणि ते आपोआप छिद्रात वर चढू लागले. शहराच्या दृष्टीने हा मोठाच चमत्कार होता. पण त्याचा आनंद फार काळ टिकला नाही. पाणी होते, ते वरही आले होते; मात्र संपूर्ण शहराची तहान भागेल इतके पाणी काही ती विहीर देईना.

तो काळच आर्टेशियन विहिरींच्या वेडाचा होता. फ्रान्सच्या उत्तरेकडील आर्त्वा प्रांतावरून या विहिरींना हे नाव पडले. पाणी झिरपू न देणाऱ्या दोन थरांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारा एखादा थर असावा, तो दूरवरच्या उंच भागात उघडा पडलेला असावा आणि तिथले पावसाचे पाणी त्यात शिरत असावे, अशी रचना असली की खालच्या भागात पाणी दाबाखाली राहते. वरचा थर भेदला की ते उसळून वर येते. पॅरिसमधील ग्रनेल येथील विहिरीचे काम १८३३ मध्ये सुरू झाले आणि १८४१ मध्ये ५४८ मीटर खोलीवर तिला पाणी लागले. त्याने या वेडाला आणखीच भर आला. परंतु पाणी किती उंच चढते यावरून कळतो तो दाब. जमीन ते किती वेगाने देऊ शकेल, ही गोष्ट निराळी. दीडशे मीटर खोल विहीर खोदून दिजोंच्या पदरी नेमका हा फरक पडला होता.

या अपयशाकडे बारकाईने पाहणारा एक तरुण सरकारी अभियंता त्याच शहरात होता. त्याचे नाव हेन्री डार्सी. भूजलाची मोजणी करणारे शास्त्र आज जगभर त्याच्या नावाच्या नियमावर उभे आहे. तो नियम इतका साधा आहे की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो एका ओळीत पाठ असतो. त्यामागे एका शहराची तहान, एका माणसाचे पंचवीस वर्षांचे ध्यान आणि ढासळत्या प्रकृतीतील शेवटची दोन-तीन वर्षे आहेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

डार्सीचा जन्म १० जून १८०३ रोजी दिजोंमध्येच झाला. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते. हेन्री चौदा वर्षांचा असताना, १८१७ मध्ये ते वारले आणि घराचा भार आईवर, आगात सेर्दे यांच्यावर आला. हेन्री आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेला भाऊ ह्यूग यांचे शिक्षण थांबू द्यायचे नाही, असा या बाईंचा निर्धार होता. त्यांनी कर्ज काढून मुलांना शिक्षक लावले, शिष्यवृत्तीसाठी खटपट केली. त्या कर्जाचे चीज झाले. धाकटा पुढे प्रशासनात जाऊन प्रांताधिकारी झाला. थोरला १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये आणि १८२३ मध्ये पूल व रस्ते बांधणीच्या राष्ट्रीय शाळेत दाखल झाला. नेपोलियनच्या काळानंतरच्या फ्रान्समध्ये या दोन संस्थांतून बाहेर पडणारा तरुण म्हणजे देशाच्या रस्त्यांचा, कालव्यांचा आणि पुलांचा भावी कारभारी असे.

शिक्षण संपल्यावर ज्यूरा विभागात थोडा काळ काढून डार्सी दिजोंला परतला. १८२८ मध्ये त्याने आंरिएत केरी या इंग्रज घराण्यातील तरुणीशी विवाह केला. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. डार्सीने आयुष्यभर एखाद्या अपत्यासारखे जे जोपासले, ते आपल्या गावचे पाणी.

१८३४ मध्ये त्याने दिजोंच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल सादर केला. त्यात त्याने दोन वाटा तपासल्या होत्या. एक होती सें-मिशेल चौकासारख्या खोल विहिरींची. दुसरी होती शहराच्या उत्तरेला, स्यूझोंच्या खोऱ्यात, चुनखडीच्या डोंगरातून बाहेर पडणाऱ्या रोझ्वार झऱ्याची. त्याने कौल दिला तो झऱ्याला. मिनिटाला सुमारे ८ घनमीटर, म्हणजे दिवसाला साधारण १ कोटी १५ लाख लिटर पाणी तिथून मिळणार होते. झरा शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पंपाचीही गरज नव्हती. उतार नेमका साधला की पाणी आपल्या पायांनी चालत गावात येणार होते.

अहवाल मंजूर होऊन जमिनी मिळण्यात काही वर्षे गेली. १८३९ मध्ये काम सुरू झाले. १२.७ किलोमीटर लांबीचा बंदिस्त जलमार्ग बांधून ६ सप्टेंबर १८४० रोजी रोझ्वारचे पाणी गियोम वेशीजवळच्या जलाशयात येऊन पडले. दीड वर्षात झालेले हे काम पाहून आजच्या कोणत्याही पालिकेच्या पाणीपुरवठा खात्याला संकोच वाटावा. पुढच्या चार वर्षांत शहरात सुमारे २८ किलोमीटर नळ टाकले गेले. रस्त्यारस्त्यावर मिळून १४२ सार्वजनिक नळकोंडाळी उभी राहिली. दोन कोंडाळ्यांमधले अंतर साधारण शंभर मीटर ठेवले होते. बादली घेऊन निघालेल्या बाईला किती चालावे लागेल, याचा विचार त्या आकड्यात आहे. गरिबांना पाणी शक्य तितके मोफत भरता यावे, अशी डार्सीची भूमिका होती आणि त्याची योजना तिच्याशी प्रामाणिक राहिली.

या कामाबद्दल करारानुसार त्याला मोठी रक्कम मिळणार होती. ती ५५ हजार फ्रँकच्या घरात होती, असे चरित्रकार सांगतात. एका सरकारी अभियंत्याला उरलेले आयुष्य ऐषारामात काढता आले असते. डार्सीने ती घेतली नाही. शहराने दिलेले सुवर्णपदक तेवढे त्याने स्वीकारले. विहिरींसाठी आणि नळयोजनांसाठी मंजूर झालेला पैसा मधल्यामध्ये कसा झिरपतो, हे पाहण्याची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना ही हकिगत थोडी अविश्वसनीय वाटेल. पण ती खरी आहे.

पाण्याखेरीज त्याने आणखी एक काम केले. पॅरिसहून ल्योंला जाणारी रेल्वे दिजोंवरून जावी, यासाठी त्याने मार्ग आखून दिला. त्या मार्गात ब्लेझी येथे डोंगर आडवा येत होता. तो भेदणारा चार किलोमीटरहून लांब बोगदा त्याच्याच योजनेतला. दिजोंचे आधुनिक महत्त्व त्या रेल्वेमार्गाने ठरवले.

असा माणूस त्या शहरात लोकप्रिय असणे स्वाभाविक होते आणि तीच गोष्ट त्याला भोवली. १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर नव्या राजवटीच्या प्रतिनिधीला त्याचे वजन धोक्याचे वाटले. त्याला दिजोंतून हलवून बूर्ज येथे पाठवण्यात आले. तिथे सोलोन्यच्या ओसाड भागातील कालव्यांच्या कामात काही काळ गेला आणि मग तो पॅरिसला आला. राजधानीचे पाणी आणि रस्ते या दोन्ही खात्यांचे प्रमुखपद त्याच्याकडे सोपवण्यात आले. १८५० मध्ये तो इंग्लंडला जाऊन खडीचे रस्ते पाहून आला आणि त्यावर त्याने अहवाल लिहिला. पण त्याचे मन गुंतले होते ते पॅरिसच्या शायो भागात चाललेल्या प्रयोगांत. बीड, शिसे, काच अशा निरनिराळ्या पदार्थांच्या नव्या-जुन्या नळांतून पाणी सोडून घर्षणामुळे त्याचा दाब किती घटतो, हे तो मोजत होता. नळ आतून गुळगुळीत आहे की गंजलेला, यावर पाण्याची चाल अवलंबून असते, ही आज उघड वाटणारी गोष्ट तोवर सूत्रांत धरलीच जात नव्हती. नळातील प्रवाहाच्या सूत्राला आज डार्सी-वाइसबाख हे जोडनाव आहे, ते या कामामुळे.

१८५५ मध्ये त्याची प्रकृती इतकी ढासळली की त्याने नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळीक मागितली. ती मिळाली आणि तो दिजोंला परतला. विश्रांती घ्यायची सोडून तो ज्या कामाला लागला, त्याने त्याचे नाव अजरामर झाले.

दिजोंच्या रुग्णालयाच्या आवारात त्याने एक लोखंडी नळकांडे उभे केले. व्यास ३५ सेंटिमीटर, उंची माणसाहून बरीच जास्त. आत खालच्या जाळीवर सोन नदीची वाळू भरली. वरून रुग्णालयाच्या नळाचे पाणी सोडायचे, खालून बाहेर पडणारे पाणी मापाने मोजायचे आणि वर व खाली बसवलेल्या पाऱ्याच्या दाबमापकांवर दाब वाचायचा, असा सारा बेत होता. मदतीला शार्ल रिटर नावाचा अभियंता होता. १८५५ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभी पहिल्या मालिका झाल्या. अडचण अशी होती की रुग्णालयात कोणी नळ उघडला वा बंद केला की पाऱ्याची पातळी थरथरू लागे. मग वरची आणि खालची पातळी टिपून मधला आकडा धरावा लागे. वाळूचा थर अर्ध्या मीटरपासून पावणेदोन मीटरपर्यंत वेगवेगळ्या जाडीचा करून पाहिला. फेब्रुवारी १८५६ मध्ये रिटरने आणखी एक मालिका केली. तिच्यात खालच्या बाजूचा दाबही बदलून पाहिला.

निष्कर्ष विलक्षण साधा निघाला. वाळूतून जाणारे पाणी हे थराच्या दोन टोकांमधील पाण्याच्या उंचीतल्या फरकाच्या प्रमाणात वाढते आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटते. फरक दुप्पट केला की पाणी दुप्पट. थर दुप्पट जाड केला की पाणी निम्मे. दाब वरच्या टोकाला जास्त आहे की खालच्या टोकाला कमी, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते केवळ फरकाला. उरतो तो एक आकडा. तो वाळूचा स्वतःचा असतो, तिच्या स्वभावाचा म्हणा ना. जाड वाळूत तो मोठा, बारीक वाळूत लहान, चिकणमातीत जवळजवळ नाहीसाच. त्यालाच आज पारगम्यतेचा गुणांक म्हणतात. जमिनीत पाणी आहे काय, या प्रश्नाच्या पलीकडे जाऊन जमीन ते किती सहज जाऊ देते, या प्रश्नाला प्रथमच अंकात उत्तर मिळाले.

हा शोध डार्सीने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दिजोंच्या सार्वजनिक कारंज्यांवरील ग्रंथात आहे. ग्रंथ साडेसहाशेच्या आसपास पानांचा, सोबत नकाशांचे स्वतंत्र पुस्तक. आणि हा नियम कुठे, तर शेवटी जोडलेल्या एका टिपणात, चार-पाच पानांत. खुद्द डार्सीला त्याची गरज वाटली होती ती शहरांच्या पाण्यासाठी वाळूच्या गाळण्या बांधताना. परंतु त्याच ग्रंथात त्याने आर्टेशियन विहिरींच्या नोंदीही तपासल्या आहेत. विहिरीच्या तोंडावरची नळी जसजशी उंच करावी तसतसा प्रवाह घटत जातो आणि ही घट सरळ प्रमाणात असते, हे त्याच्या ध्यानात आले. रुग्णालयातली वाळू आणि शेकडो मीटर खोलीवरचा थर एकाच नियमाने वागत होते. योगायोग असा की झरे शोधण्याच्या कलेवरचे पारामेल या फ्रेंच धर्मगुरूचे पुस्तकही १८५६ सालचेच. पारामेलने काटकी फिरवणाऱ्या पाणाड्यांना बाजूला सारून डोंगरदऱ्यांच्या रचनेवरून पाणी कुठे आहे ते सांगितले. डार्सीने ते कसे चालते ते सांगितले.

जमीन मात्र नळकांड्यातल्या वाळूसारखी एकजिनसी नसते. ती थरांची असते आणि खरा गुंता तिथेच सुरू होतो. समजा, एका पारगम्य थराखाली तितक्याच जाडीचा, पण हजारपटीने घट्ट असा दुसरा थर आहे. पाणी थरांच्या दिशेने, आडवे वाहत असेल तर ते घट्ट थराकडे ढुंकूनही पाहत नाही. पारगम्य थरातून सुखाने निघून जाते आणि दोन्ही मिळून सरासरी पारगम्यता चांगल्या थराच्या जवळपास निम्मी भरते. तेच पाणी उभे, वरून खाली झिरपायचे असेल तर त्याला घट्ट थर ओलांडावाच लागतो आणि सरासरी त्या घट्ट थराच्या जेमतेम दुपटीवर येते. थर तेच, जाडी तीच. केवळ दिशा बदलली की उत्तरात अडीचशे पटींचा फरक पडतो. डार्सीचा नियम प्रत्येक थराला वेगळा लावला की हा हिशेब शाळकरी गणिताने सुटतो. पण त्यासाठी प्रत्येक थराचा आकडा हाती हवा आणि तो थर असतो पायाखाली पन्नास किंवा शंभर मीटरवर. नळकांड्यात भरून तो रुग्णालयात आणता येत नाही. वर काढलेला नमुना विस्कटतो आणि खडकातल्या भेगा तर नमुन्यात येतही नाहीत. तेव्हा प्रयोगशाळा जमिनीतच न्यावी लागते. विंधण छिद्र हेच मग नळकांडे होते.

ही वाट डार्सीनंतरच्या मंडळींनी बांधली. पॅरिसमध्ये त्याच्या जागी आलेला ज्यूल द्युप्युई याने १८६३ मध्ये विहिरीचे गणित मांडले. पाणी चहूबाजूंनी विहिरीकडे येते तेव्हा वाट अरुंद होत जाते. तेवढेच पाणी जायचे तर उतार तीव्र व्हावा लागतो. म्हणून उपसा सुरू झाला की भोवतालच्या भूजलाची पातळी नरसाळ्याच्या आकारात खाली जाते. नरसाळे खोल आणि अरुंद असेल तर जमीन कंजूष. उथळ आणि पसरट असेल तर उदार. जर्मनीत आडोल्फ टीम याने १८७० मध्ये विहिरीजवळच्या निरीक्षण छिद्रांतील पातळ्यांवरून हा आकडा काढण्याची रीत बसवली. अमेरिकेतील चार्ल्स थाइसने १९३५ मध्ये त्यात काळाचा हिशेब आणला. धातूच्या पत्र्यात उष्णता जशी पसरते तशी उपशाची चाहूल जमिनीत दूरवर जाते, हे त्याने ओळखले आणि पातळी किती वेळात किती उतरली, यावरून पारगम्यता आणि साठवण दोन्ही सांगता येऊ लागली. पुढे १९५५ मध्ये हंटुश आणि जेकब यांनी वरच्या-खालच्या घट्ट थरांतून होणारी गळतीही या गणितात बसवली. म्हणजे उपसा एका थरातून आणि पाणी येते शेजारच्या थराचे, हे कोडेही सुटले.

थरांच्या जमिनीला सर्वांत सरळ भिडणारी चाचणी मात्र धरणे बांधणाऱ्यांनी दिली. स्वित्झर्लंडमध्ये अध्यापन करणारा भूशास्त्रज्ञ मॉरिस ल्यूजों याने १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. छिद्रातला हवा तेवढाच तुकडा वर-खाली फुगणाऱ्या रबरी बुचांनी बंद करायचा, त्यात दाबाने पाणी सोडायचे आणि मिनिटाला किती पाणी खडक पितो ते पाहायचे. १० बार दाबाखाली छिद्राच्या दर मीटर लांबीमागे मिनिटाला १ लिटर पाणी गेले, तर तो खडक १ ल्यूजोंचा. बुचे सरकवत नेली की थरामागून थर बोलू लागतो. दाब पायरीपायरीने वाढवून पुन्हा उतरवला की भेगा दाबाने रुंदावतात का, त्यांतली माती वाहून जाते का, हेही उमगते. उघड्या छिद्रातून एकदम उपसा करून काढलेल्या सरासरीला ही माहिती कधीच देता येत नाही. त्या सरासरीत एक चांगला थर दहा निकामी थरांचे दोष झाकून टाकतो.

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली असेच थर आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोट एकावर एक थिजत गेले आणि दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. प्रत्येक लोटाच्या माथ्याचा सच्छिद्र, झिजलेला भाग पाणी धरतो. पोटातला काळा पाषाण, भेगा नसतील तर, थेंबही जाऊ देत नाही. दोन लोटांच्या मध्ये कुठे लाल मातीची पट्टी असते. म्हणून एका आवारात पाणी लागते आणि भिंतीपलीकडे तीनशे फुटांवरही धूळच निघते. बोअर मारताना यंत्रातून उसळणारे पाणी पाहून दोन इंच पाणी लागले, असे आपल्याला सांगितले जाते आणि आपण पेढे वाटतो. तो आकडा त्या क्षणी साठलेल्या पाण्याचा असतो. थर ते पाणी उन्हाळ्यात टिकवून देईल का, हे कळते उपसा चाचणीने: ठरावीक दराने काही तास पंप चालवायचा, पातळी टिपत राहायची, मग पंप बंद करून ती किती वेगाने पुन्हा चढते ते पाहायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील बहुतेक बोअर मात्र अशा चाचणीविनाच पंपाला जोडले जातात. एक कोरडा पडला की शेजारी आणखी खोल दुसरा मारला जातो. दिजोंच्या नगरपालिकेने १८३०च्या सुमारास जे केले, त्याहून आपण फार पुढे गेलेलो नाही.

डार्सीच्या नियमाला मर्यादाही आहेत. पाणी संथ वाहत असेल तोवरच तो खरा. रुंद भेगांतून किंवा चुनखडीतल्या भुयारांतून पाणी खळाळत जाऊ लागले की तो लागू पडत नाही. गंमत म्हणजे ज्या रोझ्वार झऱ्याने डार्सीला कीर्ती दिली, तो अशाच चुनखडीच्या पोकळ्यांतून येतो. त्याच्या स्वतःच्या झऱ्याला त्याचा नियम नीटसा लावता येत नाही. ज्या चौकातल्या विहिरीने शहराची निराशा केली, तिच्यासारख्या विहिरींना तो चपखल बसतो.

वाळूचे प्रयोग आटोपल्यावरही डार्सी थांबला नाही. १८५७ मध्ये नळांतील प्रवाहावरचे त्याचे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या पितोच्या नळीत त्याने अशा सुधारणा केल्या की ते अवजार प्रथमच प्रत्यक्ष कामाला भरवशाचे झाले. दिजोंजवळच्या कालव्यावर उघड्या पाटांतील प्रवाहाचे प्रयोगही त्याने आरंभले. पण ते पुरे करायला त्याच्यापाशी वेळ उरला नव्हता. बाझें या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते पुढे नेले आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केले.

१८५७ च्या हिवाळ्यात डार्सी पॅरिसला गेला असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि ३ जानेवारी १८५८ रोजी त्याचा मृत्यू झाला. तो ५४ वर्षांचा होता. वाळूच्या नियमाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि त्यातून विहिरींचे एक शास्त्र उभे राहील, याची कल्पना फार थोड्यांना होती. दिजोंकरांना त्या नियमाशी कर्तव्यही नव्हते. पाणी आणणारा माणूस म्हणून ते त्याला ओळखत होते. त्याचे पार्थिव दिजोंला आणण्यात आले. गियोम वेशीजवळच्या जलाशयापुढच्या चौकाला शहराने लगोलग त्याचे नाव दिले.

त्याचा महाग्रंथ इंग्रजीत यायला मात्र २००४ साल उजाडावे लागले. पॅट्रिशिया बोबेक यांनी तो अनुवाद केला. तोवर जगभरचे विद्यार्थी न वाचलेल्या पुस्तकातला नियम पाठ करत होते. तेलविहिरींच्या अभियंत्यांनी त्याआधीच, १९३० च्या दशकात, खडकाच्या पारगम्यतेच्या एककाला डार्सी हे नाव देऊन टाकले होते.

१८८० मध्ये त्या जलाशयाच्या जागी दिजोंमधील पहिली सार्वजनिक बाग झाली. डार्सी बाग हेच तिचे नाव. तिच्या प्रवेशापाशी फ्राँस्वा पोंपोंच्या प्रसिद्ध पांढऱ्या अस्वलाची दगडी प्रतिकृती आहे. लोक छायाचित्र काढतात ते तिचे. ६ सप्टेंबर १८४० रोजी रोझ्वारचे पाणी ज्यात येऊन पडले, तो जलाशय त्या बागेच्या पायाखाली आहे.